आईने हात लावू नये

माझ्या पोटच्या पोरानं माझ्याच गिरणीत, माझ्याच भिंतीवर चिठ्ठी डकवली. जाड काळ्या पेनानं लिहिलेली. मी दुसरी पास बाई, अक्षराला अक्षर लावत वाचते. पण ती चार शब्दांची ओळ मला एका दमात वाचता आली. ‘आईने हात लावू नये.’

‘कुणीही हात लावू नये’ असं लिहिलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. गिरणीत दिवसाला साठ बाया येतात, त्यांची लेकरं येतात, पिठाच्या वासानं मांजर येतं. त्या सगळ्यांना मुभा. बंदी एकट्या आईला. खाली एक इंग्रजी पाच काढून त्याला गोल केला होता. आकडे मला चांगले वाचता येतात, काट्यावर रोज तेच बघते.

चिठ्ठीच्या शेजारी ती पेटी होती. पांढरी, वहीएवढी, दोन शेपट्या वर केलेली, पोटावर चार हिरवे दिवे. इंटरनेटची पेटी. तायव्वा, जी माझ्याकडं पंधरा वर्षं चटणी चाळायला आहे, ती पदर तोंडाला लावून खोकत होती. तो खोकला मिरचीचा नव्हता, हे मला कळत होतं.

“हस मोकळी,” मी म्हटलं. “दाबून ठेवलंस तर पोट दुखेल.”

“नाही आक्का,” ती म्हणाली, “मला वाचता येत नाही ना, म्हणून विचारते. काय लिहिलंय?”

“लिहिलंय की तायव्वानं पेटीजवळ झोपू नये.”

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. आमचं गाव गडहिंग्लज. दोन चक्क्या आणि चटणी कुटायचा एक डंक, एवढा आमचा पसारा. मालक गेल्यापासून सगळं मीच बघते. पट्टा मी चढवते, गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी मी लावते, मोटारीचा आवाज बदलला तर झोपेतसुद्धा मला कळतं. गावात म्हणतात की आक्काची जीभ तिच्या डंकापेक्षा तिखट. म्हणू देत. तिखट म्हणून तर हजारो रुपयांची मिरची लोक माझ्याकडं निर्धास्त टाकून जातात.

त्या वर्षी महाशिवरात्रीला उपवासाच्या पोटी उभी होते आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. पडले. पट्टा माझ्यापासून दोन हातांवर फिरत होता. तायव्वानं स्टार्टर बंद केला म्हणून आज ही गोष्ट सांगायला मी आहे. तिनंच माझ्या मागं पुण्याला फोन केला, ते मात्र मी तिला अजून माफ केलेलं नाही.

माझा महांतेश पुण्यात असतो. दुकानांच्या पावत्या छापणारे प्रोग्रॅम करतो. एकुलता एक. रातोरात आला आणि उशाशी बसून म्हणाला, डंक विकू, चक्क्या विकू, तू माझ्याकडं चल. मी म्हटलं, नेशील तेव्हा आडवी नेशील. तो रडला. पोरगं रडलं की आईचं अर्धं बळ जातं, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं. पट्टा दोनच हातांवर होता.

बोलून बोलून एक तोड निघाली. गिरणीत दोन कॅमेरे बसवायचे. तो पुण्यात बसून फोनमध्ये दिवसातून चारदा बघणार, मी उभी दिसले की त्याचा जीव खाली. चैत्रात तो पाच दिवसांची रजा काढून येणार, सगळं जोडणार. आणि त्या रजेतल्या रविवारी दुपारी बारापर्यंत पुण्याहून गिरणी दिसली नाही, तर मी गिरणीला कुलूप लावून त्याच्याबरोबर जायचं. मी मालकांच्या फोटोपुढं हात ठेवून ‘हो’ म्हटलं. मी शब्द दिला की मोडत नाही. म्हणून तर फार कमी देते.

बुधवारी आला. कॅमेरे चढले, टीव्हीवर गिरणी दिसायला लागली. माझा इरकलीचा काठसुद्धा ओळखू येत होता. पण ते आतल्या आत. पुण्याला पोहोचायचं म्हणजे वेगळा खटाटोप. त्यानं मला समजावलं, तेही घाईत, दळण टाकून बाजारला निघालेल्या बाईसारखं. त्या पेटीला म्हणे दारं असतात, हजारांनी, आणि सगळी आतून बंद. त्यातलं एक दार उघडायचं, आणि पेटीला सांगून ठेवायचं की या दारावर बाहेरून कुणी आलं तर त्याला आतल्या अमक्या नंबरकडं धाड. कॅमेऱ्याचा जो डबा होता, त्याला पेटीनं एक नंबर दिलेला. त्या नंबरकडं धाडायचं. एवढंच.

“मग एवढं अवघड काय आहे?” मी विचारलं.

“तुला नाही कळायचं ते,” तो म्हणाला.

बुधवारी चारच्या सुमाराला सूनबाईचा, अन्नपूर्णाचा, पुण्याहून फोन आला की दिसतंय, आई चाळण झटकतायत. महांतेशनं तायव्वाच्या हातावर पेढा ठेवला. संध्याकाळी घरी जेवायला बसला, फोन उघडला, तर काळंभोर. सकाळी गिरणीत येऊन बघितलं तर पेटी चालू, कॅमेरे चालू, टीव्हीवर चित्र चालू. पुण्याहून मात्र काही नाही. कॅमेऱ्याचा नंबर बदललेला होता. त्यानं पेटीत नवा नंबर घातला, पुन्हा दिसायला लागलं. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा काळं. शुक्रवारी सकाळी पुन्हा नंबर वेगळा.

इंटरनेटच्या कंपनीला फोन केला. एका पोरीनं पाऊण तास गाणं ऐकवलं आणि सांगितलं की आमच्याकडून सगळं ठीक आहे. पुण्यातल्या मित्राला विचारलं. फोनमध्ये व्हिडिओ बघितले. मिरचीच्या ठसक्यानं बिचाऱ्याचे डोळे लाल, नाकाला रुमाल, मांडीवर लॅपटॉप. पाच वाजले की त्याला गिरणीत बसवत नसे, मागच्या गल्लीतल्या आमच्या घरी जाऊन तो माडीवर खोकत बसे. त्यामुळं गिरणी बंद होताना त्यानं कधी बघितलीच नाही.

शुक्रवारी सकाळी तो माझ्याकडं वळला.

“आई, खरं सांग. पुसताना वायर उपसलीस ना?”

“तुझ्या पेटीला मी बोट लावलेलं नाही.”

“मग आकडा आपोआप बदलतो? इथं रात्री कोण येतं? किल्ली तुझ्या कमरेला असते.”

“म्हणजे मी खोटं बोलते?”

“खोटं नाही गं. तुला कळत नाही, चुकून होतं.”

खोटारडी म्हटलं असतं तर चाललं असतं. खोटं बोलायलासुद्धा थोडी अक्कल लागते. त्यानं तेवढीही माझ्याकडं ठेवली नाही. पेटीत त्या दिवसाचा नंबर, पाच, घातला आणि ती चिठ्ठी डकवून तो घरी गेला.

त्या दिवशी संध्याकाळी सातला गिरणी बंद करायची वेळ झाली. आमच्याकडं एक रीत आहे. त्याच्या एकोणीस वर्षं आधी वायर तापून पोत्यांना आग लागली होती आणि पोती ओढताना मालकांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून त्यांनी नियम केला की मेन स्विचची लोखंडी कडी खाली ओढल्याशिवाय कुलूप लावायचं नाही. सकाळी उदबत्ती दाखवून कडी वर, संध्याकाळी हात जोडून कडी खाली. ते गेले त्या दिवशीसुद्धा मी आधी कडी ओढली आणि मग दवाखान्यात गेले.

मी कडी ओढली. अंधार झाला, आणि चिठ्ठीशेजारचे चारही हिरवे दिवे एकदम मिटले.

मी तिथंच उभी राहिले. तायव्वा बाहेरून म्हणाली, आक्का, पाय दुखतायत, चला की. डोक्यात काहीतरी खुट्ट झालं होतं, पण मी कुणाला बोलले नाही. पूर्ण दळून झाल्याशिवाय पीठ दाखवायची मला सवय नाही.

शनिवारी सकाळी कडी वर केली आणि चक्की न लावता स्टुलावर बसले. पेटीचे दिवे एकेक करून लागले. तेवढ्यात तायव्वा आत आली आणि तिच्या कमरेचा फोन टुणकन वाजला. महांतेशकडून पेटीचा परवलीचा शब्द मागून घेऊन ती फुकटात मालिका बघत होती. त्या पेटीनं माझ्या गिरणीत पहिलं भलं केलं ते तिचं. माझा फोन त्याआधीच वाजून गेला होता. कॅमेऱ्याचा डबा मात्र झोपाळू. एक आख्खी आरती म्हणून होईल एवढा वेळ तो जांभया देत होता. जागा झाला तेव्हा टीव्हीच्या कोपऱ्यात त्याचा नंबर आला, तो कुठं येतो हे महांतेश टीव्हीवर बोट ठेवून मित्राला फोनवर सांगत होता तेव्हा मी बघितलं होतं. शेवटचा आकडा सहा.

चिठ्ठीवर पाच.

महांतेश आला तसं मी विचारलं, “पाच नंबर आज कुणाचा आहे रे?”

“आई, मध्ये मध्ये करू नकोस.”

“एवढंच सांग.”

“आज परत बदललाय बघ,” तो टीव्हीकडं बघून म्हणाला आणि लॅपटॉप मिटून बसला. मग खाली मान घालून त्यानं सांगून टाकलं. संकेश्वरच्या एका माणसाशी डंकाचं बोलणं केलंय. सोमवारी तो टेम्पो घेऊन येईल, किल्ली तायव्वा देईल. उद्या माझी ट्रंक भरायची. अन्नपूर्णानं मला देवघराशेजारची खोली रिकामी करून ठेवलीय.

“उद्या बारापर्यंत मुदत आहे,” मी म्हटलं.

“चार दिवस मी काय खेळत होतो काय? माझ्याकडून नाही झालं, आणखी कुणाकडून होणार?”

मी चक्की लावली. शनिवार म्हणून चटणीची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. अकराला वीज गेली, वीस मिनिटांनी आली, तेवढ्यात बायांनी सावलीसाठी डबे इकडचे तिकडं केले आणि वीज आल्यावर जुंपली. चव्हाणांची थोरली सून म्हणाली, मी तिसरी होते, तिसऱ्या जागेवर माझाच डबा. तिच्या आधीची म्हणाली, तू आता सरकवलास. मी खडू घेऊन उठले. माझ्याकडं डबा आला की त्याच्या पोटावर मी नंबर लिहिते, कारण जागा फसवी असते. जागेवर आधी जो बसेल त्याची ती होते. डब्यावर लिहिलेला नंबर वीज जाऊ दे, रांग मोडू दे, हलत नाही. पोटावरचे आकडे वाचून दाखवले, भांडण मिटलं.

आणि खडू हातात धरून मी त्या पांढऱ्या पेटीकडं बघत राहिले. तायव्वानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, तुझा फोन उद्या अगदी वेळेवर घेऊन ये.

रविवारी सकाळी मी ट्रंक भरली. दोन लुगडी, मालकांचा फोटो, औषधं. महांतेशला दिसेल अशी ओसरीवर ठेवली आणि गिरणीत गेले. तो दहाला आला, मला घेऊन जायला. बाया रांगेत होत्या. मी त्याला स्टूल दिलं.

“बस. लॅपटॉप उघड. बारा वाजेपर्यंत शब्द माझा आहे. मी विचारेन तेवढंच सांगायचं.”

“आई, गाडी दोनची आहे.”

“पाच नंबर कुणाचा?”

त्यानं उसासा टाकून यादी उघडली. म्हणाला, कुठला तरी मोबाईल आहे.

“तायव्वा, तुझा फोन बंद कर.”

तिनं बंद केला. थोड्या वेळानं त्याच्या यादीतली पाच नंबरची ओळ गेली. तो यादीकडं बघत राहिला.

“म्हणजे पुण्याहून अन्नपूर्णा दार वाजवते,” मी म्हटलं, “आणि तुझी पेटी तिला कॅमेऱ्याऐवजी तायव्वाच्या कमरेला नेऊन सोडते.”

“अगं बाई,” तायव्वा म्हणाली आणि फोन कमरेतून काढून पिशवीत टाकला.

“पण तो नंबर बदलतो कशानं?” महांतेश हळूच म्हणाला. पहिल्यांदा त्यानं मला प्रश्न विचारला होता. मी भिंतीकडं बोट केलं.

“ऊठ. ती कडी खाली ओढ.”

“कशाला?”

“ओढ.”

त्यानं ओढली. चक्की घरघरत थांबली, बाया ओरडल्या, आणि चारही दिवे मिटले. तो दिव्यांकडं बघत होता. मग कडीकडं. मग माझ्याकडं.

“तू हे रोज करतेस?”

“एकोणीस वर्षं. तुझ्या बाबांचा हात भाजला तेव्हा तू बारावीला होतास. पट्टी तूच बदलायचास.”

त्याला आठवलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसलं.

“सकाळी कडी वर गेली की पेटीला मागचं काही आठवत नाही,” मी म्हटलं. “जो आधी जागा होईल त्याला ती नंबर वाटत सुटते. तायव्वा लवकर येते. तुझा डबा झोपाळू. त्याला रोज उरलेली जागा मिळते.”

“मग कडी ओढायची नाही. एवढं सोपं आहे,” तो घाईनं म्हणाला. “मेन चालूच ठेवायचं.”

“ती कडी मी मेल्यावर चालू ठेव.” मी खडू उचलला आणि रांगेतला पहिला डबा त्याच्यापुढं ठेवला. पोटावर एक लिहिलेला. “हा डबा कुठं ठेवला तरी त्याचा नंबर कोणता?”

“एक.”

“तुझ्या पेटीला असं लिहिता येतं का? की पाच नंबर या डब्याचाच. आधी कुणीही येवो, पाचवर बसायचं नाही.”

मला वाटलं पुन्हा ‘तुला नाही कळायचं’ म्हणणार. पण कडी वर करून तो लॅपटॉपवर वाकला. मित्राला फोन लावला, दोन मिनिटं बोलला, आणि मित्र तिकडून काय म्हणाला ते मला त्याच्या कानाच्या लाल पाळीवरून कळलं. असं करता येत होतं. डब्याच्या अंगावर कारखान्यातूनच एक लांबलचक खूण लिहिलेली असते म्हणे, दुसऱ्या कुणाचीच नसते अशी. ती खूण पेटीला एकदा सांगून ठेवली की नंबर कायमचा राखून. पेटीला खडू आधीपासूनच होता. कुणी हातात घेतला नव्हता.

साडेअकराला त्याचं झालं. त्यानं अन्नपूर्णाला फोन लावून विचारलं, ती म्हणाली दिसतंय. तो हसला. मी म्हटलं, थांब, हे तर बुधवारीही दिसलं होतं. मी कडी खाली ओढली. तायव्वाला म्हटलं, आता तुझा फोन चालू करून पेटीला चिकटून उभी राहा. बाया डबे सोडून दारात गोळा झाल्या होत्या, कशाची तरी परीक्षा चाललीय एवढं त्यांना कळलं होतं. मी हात जोडले आणि कडी वर केली.

तायव्वाचा फोन टुणकन वाजला. माझा वाजला. डबा जांभया देत राहिला. महांतेशच्या हातात फोन होता, पलीकडं अन्नपूर्णा. संकेश्वरचा टेम्पो, देवघराशेजारची खोली, ओसरीवरची ट्रंक, सगळं त्या डब्याच्या एका जांभईवर अडलं होतं. टीव्ही उजळला. कोपऱ्यात आकडा आला, शेवटी पाच.

“आई,” अन्नपूर्णाचा आवाज फोनमधून आला, “हिरव्या लुगड्यात आहात. आणि पदराला हळद लागलीय.”

बाया हसल्या. महांतेशनं तिथंच संकेश्वरच्या माणसाला फोन करून टेम्पो नको म्हणून सांगितलं, मी सांगायच्या आधी. मग तो भिंतीशी गेला आणि चिठ्ठीचा कोपरा नखानं सोडवायला लागला. मान खाली होती. लहानपणी पाटी फोडून आला की अशीच असायची. मला त्याची कीव आली, पण कीव आली म्हणून काटा हलवायचा नसतो.

“महांत्या,” मी म्हटलं, सगळ्या बायांच्या देखत, “चार दिवस तू कंपनीच्या पोरीला विचारलंस, पुण्याच्या मित्राला विचारलंस, व्हिडिओतल्या परक्या माणसाला विचारलंस. जी बाई ही गिरणी रोज उठवते आणि रोज निजवते, तिला एकदाही विचारलं नाहीस की आई, संध्याकाळी तू काय करतेस. आता पुण्यात बसून मला खुशाल बघ. पण नुसतं बघितलं म्हणजे विचारपूस झाली, असं समजायचं नाही. रोज दुपारी फोन करायचा, आधी जेवलीस का म्हणून विचारायचं, मग पेटीचं बोलायचं. आणि ती चिठ्ठी फाडू नकोस. ‘आईने’ खोड, तिथं ‘आईला विचारल्याशिवाय’ लिही. पुढचं सगळं बरोबर आहे.”